गुरूचा कान

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिराला बसलेल्या साधकांना रोज संध्याकाळी एक प्रवचन ऐकवलं जातं. पडद्यावर सत्यनारायण गोएंका बोलत असतात. मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले आणि १९६९ मध्ये ती विद्या घेऊन भारतात आलेले गोएंका २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले. तरीही पहिले तीन दिवस श्वासाकडे कसं पाहायचं, चौथ्या दिवशी तिथून संवेदनांकडे कसं वळायचं, हे आजही त्यांच्याच आवाजात सांगितलं जातं. सूचना ध्वनिमुद्रित आहेत, प्रवचनं चित्रमुद्रित आहेत. जगभरातल्या त्यांच्या केंद्रांत हीच रीत आहे.

साधनागृहात पुढे मात्र एक जितंजागतं माणूस बसलेलं असतं. ते सहायक आचार्य. प्रवचन देणं हे त्यांचं काम नाही. ते साधकांना लहान लहान गटांत पुढे बोलावतात आणि हलक्या आवाजात विचारतात: श्वास जाणवतो का? नाकपुडीपाशी कुठे जाणवतो? मन भरकटलं तर किती वेळाने लक्षात येतं? दुपारी त्यांना एकट्याने भेटता येतं, रात्री प्रवचन संपल्यावर शंका विचारता येतात. गोएंकांची प्रवचनं इंटरनेटवर कोणालाही ऐकायला मिळतात. दहा दिवसांचं शिबिर मात्र घरी बसून, कानाला मोबाइल लावून करण्याची मुभा ही परंपरा देत नाही.

गुरूच्या कामाची इथे सरळ वाटणी झालेली दिसते. बोलण्याचं काम यंत्राकडे गेलं, ऐकण्याचं माणसाकडे राहिलं. ही वाटणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऑनलाइन शिक्षण नव्हतं. पण आज पडद्यावरून शिकवणाऱ्या प्रत्येकाला जो प्रश्न सोडवावा लागतो, त्याचं उत्तर तिच्यात आहे. गुरूमधलं नेमकं काय समोर असलं की विद्या पोचते? देह? आवाज? की आणखी काही?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा प्रश्न कोणी असा विचारला नाही. तेव्हा सगळी धावपळ साधनांची होती. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागली, व्हॉट्सॲपवर स्वाध्याय फिरू लागले, पालघरच्या पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले, सोलापूरच्या निलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. शिक्षकांनी जिवाचं रान केलं, याबद्दल शंका नाही. ग्रामीण शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’ने सप्टेंबर २०२० मध्ये फोनवरून केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातल्या ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. पण पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास पोचला अशी मुलं एक तृतीयांशाच्या आसपासच होती. घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हातात असणं यातही अंतर होतंच. फोन बापाच्या खिशात सकाळी कामावर जायचा आणि रात्री परत यायचा.

परिणाम पुढे दिसले. २०१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. याचं खापर नेटवर्कवर आणि गरिबीवर फोडलं गेलं, आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या घरांत स्वतंत्र खोली, लॅपटॉप आणि वेगवान इंटरनेट होतं, त्या घरांतल्या आयांनाही मुलं तासन्‌तास पडद्यासमोर बसून कोरडीच उठताना दिसली. तिथे साधनं कमी पडली नव्हती. धडा मुलांपर्यंत पोचत होता, मुलांकडून मात्र काहीच परत जात नव्हतं.

परत काय जायला हवं, हे वेदपाठशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संथा देताना गुरू एक चरण एकदा म्हणतो, शिष्य तो दोनदा म्हणतो. पाहणाऱ्याला ही घोकंपट्टी वाटते. पण गुरूचं खरं काम शिष्य म्हणत असताना सुरू होतं. उदात्त कुठे घसरला, ऱ्हस्वाचा दीर्घ कुठे झाला, विसर्ग कुठे गिळला गेला, हे तो टिपतो आणि त्याच क्षणी थांबवतो. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट विणीतून शब्द फिरवत हजारो वर्षं मौखिक परंपरा टिकली, ती या थांबवण्याच्या बळावर. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान दिला. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांची यादी आहे, तीत नुसतं लिहिलेलं पाहून म्हणणाराही आहे. पोथीचा राग म्हणून तो तिथे आलेला नाही. पोथी म्हणणाऱ्याची चूक ऐकत नाही, म्हणून आला आहे.

इस्लामी परंपरेतल्या हदीसशास्त्राने हाच विचार आणखी काटेकोरपणे केला. तेराव्या शतकातले विद्वान इब्न अस-सलाह यांनी ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे आठ मार्ग नोंदवले आहेत. गुरूकडून ऐकणं आणि गुरूसमोर वाचून दाखवणं, हे वरचे दोन. त्यानंतर नुसती परवानगी देणं, ग्रंथ हाती देणं, पत्राने कळवणं असे मार्ग येतात. सर्वांत शेवटी येतो तो गुरूशिवाय एखादी वही सापडून त्यातून शिकलेला माणूस. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ‘पत्राने शिकणं’ हा वेगळा प्रकार मानून त्याला क्रमवारीत जागा दिलेली होती! दुरून शिकणं या विद्वानांनी त्याज्य ठरवलं नाही. त्याची किंमत मात्र नेमकी लावली, आणि वाचून दाखवणं आलं की ती किंमत वाढते हेही सांगितलं.

ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखाणाबद्दल अशीच तक्रार करतो. लिहिलेले शब्द शहाण्यासारखे दिसतात, पण त्यांना काही विचारलं तर ते तेच ते पुन्हा सांगतात. आजच्या चित्रफितीबद्दलही याहून वेगळं म्हणता येणार नाही.

याच्या विरुद्ध बाजूलाही परंपरेत भक्कम साक्षी आहेत, आणि त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. पहिली साक्ष एकलव्याची. द्रोणांनी नाकारलेला हा निषादपुत्र रानात मातीची मूर्ती घडवतो, तिला गुरू मानतो आणि अर्जुनाला हेवा वाटावा इतका मोठा धनुर्धर होतो. मूर्ती एक अक्षर बोलत नाही. मग गुरूने ऐकायलाच हवं, हा आग्रह कशासाठी?

उत्तर धनुर्विद्येतच आहे. बाण सोडला की तो लागला की चुकला हे डोळ्यांना दिसतं. लक्ष्यच एकलव्याची चूक दाखवत होतं, दिवसातून शेकडो वेळा, कोणतीही भीडभाड न ठेवता. मूर्तीने त्याला श्रद्धा दिली, बळ दिलं. सुधारणा लक्ष्याने केली. ज्या विद्येत चूक स्वतःहून समोर येते, ती विद्या एकट्याने आणि दुरूनही शिकता येते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला ती चालली की अडली हे लगेच कळतं. मोदकाची उकड नीट काढली नाही तर पारी फाटते, आणि ते सांगायला सासू लागत नाही. म्हणूनच प्रोग्रॅमिंग आणि पाककृती या दोन गोष्टी जग यूट्यूबवरून सुखाने शिकलं.

पण स्वतःचा उच्चार चुकतो आहे हे चुकीचं म्हणणाऱ्याला ऐकू येत नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवणाऱ्या मुलाला आपली रीत अगदी सरळ वाटते. निबंधातला विचार पोकळ आहे हे लिहिणाऱ्याला उमगत नाही, आणि ध्यानाला बसलेला माणूस डुलकीलाच समाधी समजू शकतो. या सगळ्या विद्यांत चूक मुकी असते. तिला वाचा फोडायला बाहेरचा कान लागतो. ऑनलाइन काय शिकवावं आणि कसं, याचा पहिला निकष इथे सापडतो. शिक्षकाने आपल्या विषयातला प्रत्येक भाग घेऊन स्वतःला विचारावं: इथे चूक स्वतः बोलते की मुकी राहते? बोलकी असेल तिथे चित्रफीत देऊन सराव करायला मोकळं सोडावं. मुकी असेल तिथे स्वतः हजर राहावं.

दुसरी साक्ष बहिणाबाईंची. वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी कुटुंबाबरोबर कोल्हापुरात आली. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिने तुकोबांचे अभंग ऐकले. देहू कितीतरी कोस दूर, तुकोबांना पाहिलेलं नाही, घरचा विरोध, तरी मनाने गुरू ठरला. आपल्याला स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला असं त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत सांगितलं आहे. खुद्द तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. वारकरी परंपरेने या दोन्ही उपदेशांना कमी लेखलं नाही. देहाने समोर असणं हीच अट असती, तर मराठी संतपरंपरेतली ही दोन माणसं निगुरी ठरली असती.

पण बहिणाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, त्या पुढे देहूला गेल्या. तुकोबांच्या प्रत्यक्ष कीर्तनाला बसल्या. दुरून ओढ लागली, ओळख पटली, दीक्षाही झाली. पुढची मशागत जवळ राहून झाली. ऑनलाइन शिक्षणाला हा क्रम सहज पेलण्यासारखा आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच, आणि तरी त्याने गावोगाव अभ्यासकेंद्रं ठेवली.

तिसरी साक्ष नांदेडची. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिलं. माणसाच्या जागी शब्द आला, आणि तो टिकला. मात्र त्या शब्दाभोवती रोज बसणारी संगत आहे. ती एकत्र ऐकते, एकत्र गाते, एकत्र पंगतीला बसते आणि एकमेकांना सावरते. शब्द गुरू असला तरी शिकणारा एकटा नाही.

या तिन्ही साक्षी नीट पाहिल्या तर त्या पहिल्या बाजूला खोडून काढत नाहीत. देह दूर असला तरी चालतं, आवाज मुद्रित असला तरी चालतं, कधी कधी गुरू अबोल असला तरीही चालतं. प्रत्येक ठिकाणी शिष्याला उत्तर देणारं काहीतरी मात्र आहेच. कुठे लक्ष्य आहे, कुठे पुढे भेटलेले तुकोबा, कुठे संगत.

हे सगळ्यांत लख्ख दिसतं ते गीतेत. एकच उपदेश तिथे तिघांनी ऐकला. अर्जुन समोर होता. संजयाने तो व्यासांच्या कृपेने ऐकला. धृतराष्ट्राने संजयाच्या तोंडून ऐकला. तिघांपर्यंत शब्द तेच गेले. धृतराष्ट्र संपूर्ण गीतेत एकदाच बोलतो, अगदी पहिल्या श्लोकात. त्यानंतर अठरा अध्याय संपेपर्यंत त्याचा एकही प्रश्न नाही, आणि ऐकून त्याच्यात तसूभर फरक पडल्याचं दिसत नाही. संजयही दूरचाच श्रोता, पण तो ऐकलेलं स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगतो, आणि शेवटी पुन्हा पुन्हा आठवून हर्षित होतो. अर्जुन तर सतत अडवतो. तुम्ही दोन उलट गोष्टी सांगून माझी बुद्धी गोंधळवता आहात, असं तो देवालाच सुनावतो. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, चालतो कसा, असं विचारतो. मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरणार कसं, असं म्हणून अडून बसतो.

आणि अखेरीस श्रीकृष्ण काय करतात? सांगून झालं, आता लढ, एवढं म्हणून ते मोकळे होत नाहीत. या सगळ्याचा विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं सांगतात; आणि थोड्या वेळाने विचारतात, एकाग्र चित्ताने ऐकलंस ना? मोह गेला का? पूर्णावतार मानलेल्या गुरूलाही शिष्याचं उत्तर ऐकल्याशिवाय उपदेश पुरा झाला असं वाटत नाही. संजयाची गोष्टही इथे कामाची आहे. दूर असूनही तो कोरडा राहिला नाही, कारण त्याच्यावर ऐकलेलं सांगण्याची जबाबदारी होती. जे विद्यार्थी दूर आहेत, त्यांना शिकलेलं कोणाला तरी सांगायला लावावं, धाकट्या भावाला, आजीला किंवा वर्गातल्या दुसऱ्या मुलाला. धृतराष्ट्र होण्यापासून वाचण्याचा हा खात्रीचा उपाय आहे.

आधुनिक संशोधन वेगळ्या वाटेने इथेच येऊन पोचलं आहे. २०२० मध्ये बोट्स्वाना देशात शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. एका गटाला दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने गेली. दुसऱ्या गटाला तोच एसएमएस गेला आणि शिवाय शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. साधा फोन, चित्र नाही, इंटरनेट नाही. शिक्षक विचारायचा, उदाहरण कसं सोडवलंस ते सांग. फोन आलेल्या मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. नुसत्या एसएमएसचा भरवशाचा परिणाम दिसला नाही. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये छापून आला. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्समध्येही फोनवरच्या शिकवणीचा असाच गुण आला. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जुनं यंत्र इथे उपयोगी पडलं, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकणारं कोणीतरी होतं.

उलट बाजूचं उदाहरण स्टॅनफर्डचं. २०११ मध्ये तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला जगभरातून सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी ऑनलाइन नावं नोंदवली. शेवटपर्यंत पोचले ते वीस-पंचवीस हजार. हेही थोडे नव्हेत, पण ते मुळातच तयारीचे, आपली चूक आपण शोधू शकणारे होते. २०१३ मध्ये याच धाटणीचे गणिताचे अभ्यासक्रम कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांसाठी वापरून पाहिले, तेव्हा वर्गात शिकणाऱ्यांच्या तुलनेत इतके कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले की प्रयोग थांबवावा लागला. शिकवणारे तज्ज्ञ होते, चित्रफिती सुबक होत्या. पण कच्च्या मुलांची चूक मुकीच राहिली.

दूरशिक्षणाच्या पहिल्या पानावरही हेच लिहिलेलं आहे. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमनने टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी बायबलमधले छोटे उतारे लघुलिपीत उतरवून पाठवायचे आणि त्याने ते तपासून परत धाडायचे, अशी रीत होती. पाठ पाठवणारे इतरही निघाले. पिटमनचं नाव राहिलं, कारण त्याच्याकडून पत्र तपासून परत येत असे.

तरीही सगळं ऐकण्यावरच सोडून भागत नाही. शिक्षकाला बोलावं लागतंच, आणि पडद्यासमोर मन लवकर उडून जातं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचं एकवीस मिनिटांचं चित्रमुद्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, त्यांनी टिपणं अधिक घेतली आणि शेवटी त्यांना आठवलंही जास्त. नारदीय कीर्तन ऐकलेल्या कोणालाही हे नवं वाटणार नाही. बुवा पूर्वरंगात निरूपण करतात, पण ते एका दमात नाही. मध्येच टाळ उचलून गजर होतो, सगळी सभा नाम घेते, मरगळलेले श्रोते सरळ बसतात, मग पुढचा मुद्दा. पूर्वरंग संपला की नामस्मरण, आणि त्यानंतर आख्यानाचा उत्तररंग. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेवही वारंवार थांबून श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि श्रोतेही मध्येच बोलतात. चाळीस मिनिटांचा पाठ सलग बोलून संपवणाऱ्या शिक्षकाने कीर्तनकाराकडे पाहावं. दर पाच-सात मिनिटांनी थांबावं आणि मुलांना काहीतरी म्हणायला, लिहायला, सोडवायला लावावं.

ऐकणं पडद्यावरून किती अवघड आणि तरी किती शक्य आहे, हे पाहायचं तर संगीताच्या शिकवणीत डोकवावं. पुण्यातल्या गुरूकडून न्यू जर्सीतली मुलगी यमन शिकते आहे. तानपुरा लावला की झूम त्याला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजून दाबून टाकतं, म्हणून आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू करावा लागतो. एकत्र गाता येत नाही, कारण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि दोघी एकदम गायल्या तर एकीचा आवाज गळतो. मग रीत बदलते. गुरू गाते आणि थांबते, शिष्या म्हणते, गुरू फक्त ऐकते. समोरासमोरच्या तालमीत गुरूच्या आवाजाच्या आधाराने शिष्येचा कच्चा तीव्र मध्यम झाकला जातो. इथे आधार नाही. तीव्र मध्यम एकटा, उघडा ऐकू येतो, आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतो. यंत्राच्या एका उणिवेने ऐकणं उलट अधिक नीट करायला लावलं.

टाळेबंदीत गीता परिवाराने गीतेच्या शुद्ध उच्चारणाचे ऑनलाइन वर्ग सुरू केले, आणि देशापरदेशातून लाखो माणसं त्यांत आली. अशा वर्गांची अडचण संथेचीच. सगळ्यांनी एकदम म्हटलं तर कालवा होतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद, आणि माइक बंद म्हणजे शिक्षकाला काहीच ऐकू येत नाही. त्यावर जुनाच तोडगा आहे: नाव घेऊन एकेकाला माइक उघडायला सांगायचं, एक श्लोक म्हणवून घ्यायचा आणि जिथे चुकला तिथेच थांबवायचं. माध्यंदिन शाखेचा यजुर्वेद शिकवायचा तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागेल. तिथे स्वर हाताच्या हालचालीने दाखवतात, म्हणून कॅमेऱ्यात शिष्याच्या चेहऱ्याइतकाच त्याचा हात दिसला पाहिजे. गणित शिकवणाऱ्याने यातून घ्यायचा धडा साधा आहे. त्याने विद्यार्थ्याची वही पाहावी. मुलाचा चेहरा दिसला नाही तरी हरकत नाही, त्याच्या पेन्सिलीचं टोक दिसलं पाहिजे.

शिष्याला विद्येचा एक पाव गुरूकडून मिळतो, एक पाव स्वतःच्या बुद्धीने, एक पाव सहाध्यायांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात, असा एक जुना हिशेब संस्कृतात सांगतात. ऑनलाइन वर्गात सगळ्यांत आधी हरवतो तो तिसरा पाव. बाकावरच्या शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं, मधल्या सुट्टीत विचारणं, एकाने दुसऱ्याला आपल्या भाषेत समजावणं, हे आपोआप घडत नाही, घडवावं लागतं. चार-चार मुलांचे गट करून त्यांना शिक्षकाशिवाय दहा मिनिटं एकत्र सोडणं, प्रत्येक गटाने एक प्रश्न घेऊन परत येणं, एकाने दुसऱ्याचं तपासणं, या युक्त्या वेळकाढूपणाच्या वाटतात. ती संगत आहे. नांदेडला शब्दाभोवती जी बसते, तिचंच हे छोटं रूप.

मग यंत्रानेच ऐकलं तर? आता संवाद करणारी, चूक दाखवणारी, न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आहे. तिचा उपयोग एकलव्याच्या लक्ष्यासारखा जरूर करावा. मुकी चूक ती काही अंशी बोलकी करते. पण गुरूच्या कानात चूक टिपण्याखेरीज आणखी एक गोष्ट असते. उद्या संथा म्हणायची आहे, कोणीतरी वाट पाहत आहे आणि आपण म्हटलं नाही तर त्याला वाईट वाटेल, ही जाणीव शिष्याला पहाटे उठवते. सहायक आचार्यांना सांगायचं आहे म्हणून साधक आपल्या श्वासाकडे अधिक प्रामाणिकपणे पाहतो. यंत्र चूक दाखवतं, पण कोणाची वाट पाहत नाही. त्याच्यापुढे लाज वाटत नाही, हा त्याचा फायदा आहे. आपण त्याचं काही देणं लागत नाही, ही त्याची मर्यादा.

एकलव्याच्या कथेचा शेवटही इथे लक्षात घ्यायला हवा. द्रोणांनी त्याला शिकवलं नव्हतं, त्याची एक चूकही सुधारली नव्हती. तरीही त्यांनी दक्षिणा मागितली आणि अंगठा घेतला. ज्याचं ऐकलंच नाही त्याच्याकडून मोबदला वसूल करणं हा अधर्म आहे, आणि तो महाभारतापुरता उरलेला नाही. एका चित्रफितीमागे हजारो मुलांची पूर्ण फी घेणं, शंकांसाठी माणूस न ठेवणं, वर्षभर एकदाही मुलाचं नाव न घेणं आणि परीक्षेच्या दिवशी मात्र त्याच्या खोलीवर कॅमेऱ्याची नजर ठेवणं, हे सारं त्याच जातीचं आहे. पाहणं आणि ऐकणं यांत फरक आहे. पाळत ठेवणारा पाहतो. शिकवणाऱ्याने ऐकायला हवं.

ऑनलाइन शिक्षण समोरासमोरच्या शिक्षणापेक्षा हलकं आहे, हा समज म्हणून टिकत नाही. ज्या भरलेल्या वर्गात साठ मुलांपैकी पन्नासांचा आवाज शिक्षकाने महिनाभर ऐकलेला नाही, तो वर्गही दूरशिक्षणच आहे, आणि त्यात शिक्षक चार हातांवर उभा आहे इतकंच. आठवड्यातून वीस मिनिटं फोनवर एका मुलाचं उदाहरण ऐकणारा शिक्षक त्याच्या कितीतरी जवळ असतो.

शासनाने आणि संस्थांनी टॅबलेट वाटले, स्टुडिओ उभारले, चित्रफितींचे साठे केले. आता खर्च ऐकण्यावर व्हायला हवा. मुलांना फोन करण्यात, वह्या तपासण्यात, शंका ऐकण्यात गेलेला शिक्षकाचा वेळ अध्यापनाचा वेळ म्हणून वेळापत्रकात मांडला जावा आणि त्याचे पैसे मिळावेत. पाठ एकाने उत्तम मुद्रित करावा, तो हजारो शाळांत वाजावा, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या शिक्षकांनी मुलांच्या लहान गटांसमोर बसून ऐकावं. धम्मगिरीत हे इतकी वर्षं चाललेलंच आहे. पालकांनीही ऑनलाइन वर्गाची फी भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्या मुलाचं बोलणं शिक्षक आठवड्यातून किती मिनिटं ऐकणार? उत्तर मिनिटांत मिळालं नाही, तर ती फी भरू नये.